आकडा कोणत्या गावचा?

आजारपणावर किती पैसे खर्च करायचे, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारीत नाही. विचारणे वाईट दिसते. आजोबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन यंदा उरकायचे की धाकटीच्या दातांना तारा लावायच्या, याचा हिशेब आईवडील रात्री दिवा मालवल्यावर हळू आवाजात करतात. पण करतात नक्की. सरकारलाही हा हिशेब चुकत नाही. फरक एवढाच, की घरातल्या हिशेबात आजोबांचा चेहरा समोर असतो आणि सरकारच्या हिशेबात नुसते आकडे असतात. ते आकडे येतात कुठून, आणि ते आपल्या कामाचे आहेत की नाहीत हे कोण पाहतो, याविषयी आज थोडे लिहायचे आहे.

या हिशेबाचे शास्त्र आता चांगलेच वाढले आहे. त्याला आरोग्याचे आर्थिक मूल्यमापन म्हणतात. एका पारड्यात खर्च टाकायचा, दुसऱ्या पारड्यात त्या खर्चाने वाचलेली आयुष्याची वर्षे. मग भागाकार करून ‘एक वर्ष वाचवायला इतके रुपये’ असे उत्तर काढायचे. जागतिक बँकेने १९९३ सालचा आपला वार्षिक विकास अहवाल आरोग्यालाच वाहिला आणि अकाली मृत्यूने व अपंगत्वाने गमावलेली वर्षे मोजण्याचे एक नवे माप जगापुढे ठेवले. त्या मापात सुरुवातीला अशी तरतूद होती, की पंचविशीतल्या माणसाचे एक वर्ष हे तान्ह्या मुलाच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या एका वर्षापेक्षा मोलाने जास्त धरायचे. (घरातल्या आजीला हे सांगून पाहावे!) ही तरतूद पुढे २०१० सालच्या रोगभार-गणनेत काढून टाकली गेली. पण मधल्या पंधरा-वीस वर्षांत तिच्या आधारावर निघालेली उत्तरे अनेक देशांच्या योजनांत जाऊन बसली होती.

माझा आक्षेप भागाकाराला नाही. भागाकार हवाच. तिजोरी लहान आणि दुखणी फार, अशा देशात हिशेब न करता खर्च करणे म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याला औषध देणे होय. आक्षेप आहे तो उत्तराकडे पाहून माना डोलावण्याला. भागाकार कोणालाही येतो. वरचा आकडा कोणत्या गावात मोजला आणि खालचा कोणत्या, हे विचारायला मात्र कोणी थांबत नाही.

निव्वळ आकडेमोडीचा घोळ किती मोठा होऊ शकतो, याचे एक उदाहरण सांगतो. शाळेत मुलांना जंताची गोळी देतात, ती आपल्या सगळ्यांच्या परिचयाची आहे. २००६ साली जागतिक बँक व इतर संस्थांनी मिळून विकसनशील देशांतील रोगनियंत्रणावर एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात या गोळ्यांनी निरोगी आयुष्याचे एक वर्ष अवघ्या ३.४१ डॉलरमध्ये वाचते, असा हिशेब दिला होता. इतके स्वस्त पुण्य दुसरे कुठले? २०११ साली ‘गिव्हवेल’ या अमेरिकन संस्थेने मूळ तक्ते मागवून तपासले, तेव्हा त्यात एक-दोन नव्हे, पाच चुका सापडल्या. दुरुस्त करून आलेले उत्तर होते ३२६.४३ डॉलर. म्हणजे जवळजवळ शंभरपट! जगातले नामांकित लेखक, नामांकित प्रकाशन, आणि पाच वर्षे कोणी तक्ता उघडून पाहिला नाही. गोळी वाईट असे यातून मुळीच सिद्ध होत नाही. ज्या आकड्याच्या जोरावर तिला पहिल्या रांगेत बसवले, तो आकडा कच्चा होता, इतकेच.

पण आकडेमोडीची चूक ही त्यातल्या त्यात सोपी. कोणीतरी कधीतरी ती पकडतो. अवघड प्रश्न पुढचा आहे. आकडेमोड बिनचूक आहे, अभ्यास उत्तम आहे. पण तो आपल्याला लागू पडतो का? यासाठी परदेशात जायला नको. मराठवाड्यातच जाऊ.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा आपल्याकडे बायकांचा मोठा शत्रू. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, हळूहळू वाढतो, आणि वेळेवर कळला तर रोखता येतो. तो ओळखण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिली पॅप स्मिअर, म्हणजे पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. दुसरी त्याहून साधी: शिरक्यासारखे सौम्य आम्ल लावायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. तिसरी विषाणूच शोधण्याची, ही महाग. श्रीमंत देशांत पॅप स्मिअरने गेल्या काही दशकांत या रोगाचे मृत्यू फार खाली आणले. तेव्हा साहजिकच असे वाटते, की तीच पद्धत इथे आणावी. ती परवडत नसेल, तर शिरक्याची स्वस्त पद्धत घ्यावी.

उस्मानाबाद जिल्ह्यात (आताच्या धाराशिवमध्ये) १९९९ साली याचीच परीक्षा सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचे हे काम. ४९७ गावांचे ५२ गट पाडले आणि कोणत्या गटाला कोणती तपासणी, हे सोडत काढून ठरवले. तिशी ते एकोणसाठीच्या १,३१,७४६ स्त्रिया. एका गटाला विषाणूची चाचणी, एकाला पॅप स्मिअर, एकाला शिरका, आणि चौथ्या गटाला नेहमीची जी काही आरोग्यसेवा होती ती. तपासणी आयुष्यात एकदाच. मग आठ वर्षे वाट पाहिली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणू-चाचणीच्या गटात ३४ स्त्रिया या रोगाने गेल्या, तुलनेच्या गटात ६४. पॅप स्मिअर आणि शिरका यांच्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये खात्रीने सांगता येईल अशी घट दिसली नाही.

झाले, शिरका बाद! असे म्हणावे, तर तमिळनाडूतल्या दिंडिगल जिल्ह्याचा असाच अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झालेला होता. तिथेही सोडत काढून गट पाडलेले, तिथेही तपासणी एकदाच, आणि तिथे शिरक्याच्या तपासणीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधून दीड लाख बायकांवर टाटा रुग्णालयाने केलेल्या दीर्घ अभ्यासात, दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या करून, दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित स्त्रियांकडून तपासणी करवली, तर मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

तीन अभ्यास, तिन्ही भारतातले, तिन्ही शिस्तीने केलेले. आणि एकाच पद्धतीविषयी दोघांचे म्हणणे एक, तिसऱ्याचे वेगळे. आता हिशेबाला बसणाऱ्याने कोणता आकडा घ्यायचा? ज्याला ही तपासणी खपवायची आहे तो दिंडिगलचा घेईल. ज्याला विषाणू-चाचणीचे किट विकायचे आहे तो उस्मानाबादचा घेईल. दोघेही खरे बोलतील! म्हणूनच, जो हिशेब तिन्ही अभ्यास समोर ठेवून आपण अमुकच का निवडला हे सांगत नाही, तो मी बाजूला ठेवतो, मग त्यावर कोणाचीही मोहोर असो.

माझ्या मते या तीन निकालांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात अर्थ नाही. शिरक्याची तपासणी ही वस्तू नाही, ते कौशल्य आहे. पाहणारीचा डोळा किती तयार आहे, तिच्यावर देखरेख कोणाची आहे, डाग दिसलेल्या बाईवर तिथल्या तिथे उपचार होतात की तिला ‘पुढच्या मंगळवारी या’ म्हणून परत पाठवतात, यावर सगळे अवलंबून. विषाणूची चाचणी यंत्र करते. यंत्र उस्मानाबादेत जे सांगेल तेच ऑस्लोला सांगेल. म्हणून चाचणी विषाणू किती अचूक पकडते, हा आकडा लांबचा प्रवास सहन करतो. डोळ्याने पाहायच्या तपासणीचा आकडा मात्र शेजारच्या जिल्ह्यात नेईपर्यंतही टिकेल याची खात्री नाही. आणि पॅप स्मिअर परदेशात यशस्वी झाली ती एकट्या काचपट्टीमुळे नव्हे. दर काही वर्षांनी घरी येणारे बोलावण्याचे पत्र, प्रयोगशाळा, पेशी वाचणारे तज्ज्ञ, अशी सगळी वरात तिच्यामागे होती. आपण काचपट्टी आणली आणि वरात तिकडेच राहिली, तर तिकडचा आकडा इथे लावता येत नाही.

उस्मानाबादच्या आकड्यांवर थोडे गणित करून पाहू. तुलनेच्या गटात ३१,४८८ स्त्रियांत ६४ मृत्यू, म्हणजे हजारी दोन. चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रियांत ३४, म्हणजे हजारी एक. थोडक्यात, आठ वर्षांत हजार बायकांमागे एक मृत्यू टळला. आता समजा, किट, नर्सबाईंचा पगार, गाडीचे डिझेल, दोष सापडलेल्यांचे उपचार असे सगळे धरून बाईमागे सरासरी ६०० रुपये लागले. (हा आकडा मी केवळ हिशेबासाठी धरला आहे.) म्हणजे एक जीव वाचवायला ६ लाख. ती बाई आणखी २५ वर्षे जगली, तर वर्षाला २४,००० रुपये. स्वस्तच म्हणायचे. पण हाच हिशेब अशा जिल्ह्यात न्या, जिथे या रोगाचे प्रमाण निम्मे आहे: तेथे ४८,००० झाले. आणि तिथे दोष सापडलेल्या निम्म्या बायका उपचाराला परत आल्याच नाहीत, तर जवळजवळ ९६,०००. चाचणी तीच, किट तेच, आणि किंमत चौपट.

हे प्रमाण निम्मे असण्याची गोष्ट काल्पनिक नाही. बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. मुंबईची तर साठीच्या दशकापासून. या रोगाचे प्रमाण शहरात वेगळे, खेड्यात वेगळे. आणि मुंबईसारख्या ठिकाणी ते वर्षानुवर्षे घटत आलेले आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मोजलेले प्रमाण आजच्या हिशेबात तसेच्या तसे घालणे म्हणजे थोरल्याच्या मापाचा सदरा धाकट्यासाठी शिवायला टाकणे.

त्या ६४ जणींविषयी बोलल्याशिवाय मात्र पुढे जाववत नाही. दिंडिगल आणि मुंबईतही तुलनेचे गट होतेच. ज्या बायकांना तपासणीपासून दूर ठेवले, त्यांच्या मृत्यूंवर हा पुरावा उभा आहे, हे योग्य झाले का, यावर पुढे मोठा वाद झाला. अभ्यासकांचे उत्तर असे, की त्या काळी या भागांत तपासणी मुळात कोणालाच मिळत नव्हती. उत्तर खोटे नाही; तरी ते पुरे पडते असे मला वाटत नाही. काहीही असो, इतक्या महागात मिळालेला पुरावा कपाटात पडून राहणे हे त्याहून वाईट. केंद्र सरकारने २०१६ साली तिशी ते पासष्टीच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी शिरक्याने तपासणी करण्याची रूपरेषा काढली. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते एकोणपन्नाशीच्या स्त्रियांना विचारले, ‘तुमची ही तपासणी कधी झाली आहे का?’ ‘हो’ म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के.

शंभरात दोनसुद्धा नाहीत! आणि कागदावरचे हिशेब मात्र बहुतेक बायका येतील असे धरून केलेले. २००५ साली भारत, केनिया, पेरू, दक्षिण आफ्रिका व थायलंड या पाच देशांसाठी केलेला एक गाजलेला हिशेब आहे. पस्तिशीत एकदा तपासणी केली, तर या रोगाचा आयुष्यभराचा धोका २५ ते ३६ टक्क्यांनी उतरतो आणि एक वर्ष ५०० डॉलरच्या आत वाचते, असे त्याचे उत्तर. हिशेब काळजीपूर्वक केलेला आहे. त्यात एका भेटीत किंवा दोन भेटींत काम उरकावे, असा आग्रहही आहे. पण भेट होण्यासाठी बाईने यावे लागते. ती का येत नाही, याचे उत्तर प्रयोगशाळेत नाही. रोज बुडतो, लाज वाटते, तपासणारा पुरुष असेल ही धास्ती, ‘मला काही होत नाहीये तर कशाला?’ हा सरळ प्रश्न, आणि सासूबाईंना काय सांगायचे हा त्याहून अवघड.

इथेच खर्च कोणाचा धरला, हा मुद्दा येतो. तपासणीचे शिबिर तालुक्याच्या ठिकाणी घेतले, तर सरकारचा खर्च कमी दिसतो. गावोगाव गाडी फिरवली, तर जास्त. पण तालुक्याला येणाऱ्या बाईचे एस.टी.चे भाडे, तिचा बुडालेला रोज, बरोबर आलेल्या जावेचा बुडालेला रोज, हे कोणाच्या वहीत लिहिले? फक्त सरकारी वही पाहिली तर शिबिर स्वस्त. घरची वही जोडली तर कदाचित गाडीच स्वस्त पडेल, आणि बायका येतील त्या वेगळ्याच. परदेशी अभ्यासातून आपण औषधाचा गुण उसना घेऊ शकतो, एस.टी.चे भाडे उसने घेता येत नाही.

याचा अर्थ, आपल्याकडचा आहे म्हणून कोणताही कागद डोक्यावर घ्यावा असा नाही. ‘आमच्या शिबिरात पाच हजार महिलांची तपासणी झाली’ हे वाक्य सत्कार-समारंभाला ठीक आहे. किती जणींत दोष सापडला, त्यांपैकी कितींवर उपचार पूर्ण झाले, हे त्यात नसेल तर त्याला पुरावा म्हणत नाहीत. मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयाच्या नोंदींवरून राज्याचा खर्च काढणारे हिशेबही मी पुष्कळ वाचले आहेत. रुग्णालयात नोंद होते ती तिथवर पोहोचलेल्यांची. जी घरीच गेली, ती त्या वहीत नाही. लांबचा चांगला पुरावा आणि जवळचा कच्चा पुरावा, यांत एकच निवडायची सक्ती आपल्यावर कोणी केलेली नाही. गुण तिकडचा घ्यावा, प्रमाण, खर्च आणि माणसांचे वागणे इथले मोजावे, आणि जिथे अंदाज केला तिथे ‘अंदाज’ असे स्वच्छ लिहावे.

आपल्या देशाने या दिशेने पावले टाकली आहेत, हे सांगायला हवे. अशा मूल्यमापनासाठी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागात २०१७ साली स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. त्याआधी ‘एक देशाच्या दरडोई उत्पन्नाच्या तिप्पट रकमेत आयुष्याचे एक वर्ष वाचले तरी परवडले’ असा एक आंतरराष्ट्रीय ठोकताळा सर्रास वापरला जाई. त्याने जवळजवळ काहीही परवडते असे सिद्ध होते! जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीच २०१६ साली लिहिले, की हा ठोकताळा निर्णयाचा नियम म्हणून वापरू नका.

पुरावा नेहमी तिकडून इकडेच येतो असेही नाही. २००९ साली भारतात, बार्शी व पुण्यासह अनेक केंद्रांवर, दहा ते अठरा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस दोन डोस द्यावी की तीन, याचा अभ्यास सुरू झाला. त्याच सुमारास आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पात मुलींच्या मृत्यूंवरून आणि संमतीपत्रांवरून वादळ उठले. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही, पण संमती घेण्याच्या पद्धतीवर संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. एप्रिल २०१० मध्ये सरकारने अशा सर्व अभ्यासांतले लसीकरण थांबवले. परिणामी हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. शास्त्राच्या कठोर कसोटीवर हा अभ्यास आता मोडलेला होता. सोडत गेली, गट कॅलेंडरने पाडले. पण अभ्यासकांनी त्या मुलींचा माग सोडला नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत चिवट संसर्गापासून मिळणारे संरक्षण एका डोसने ९५.४ टक्के, दोनने ९३.१, तीनने ९३.३ असे आले. म्हणजे व्यवहारात सारखेच. केनियात सोडत काढून केलेल्या चाचणीतही २०२२ साली एका डोसचा गुण दिसला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस पुरेसा धरण्यास मान्यता दिली, आणि सप्टेंबर २०२३ पासून ब्रिटनमधल्या शाळकरी मुलामुलींना एकच डोस मिळू लागला. मोडलेल्या अभ्यासाने तीन डोसांचा खर्च एकावर आणला! कागदावरच्या प्रतवारीत खालच्या पायरीवरचा पुरावाही फेकून देऊ नये, तो नीट पाखडून घ्यावा, हे मी म्हणतो ते यासाठी.

लस मुलींसाठी. त्यांच्या आया मात्र लस येण्याआधीच तिशी ओलांडून गेल्या. त्यांना तपासणीच हवी. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनाही विषाणूच्या चाचणीला पहिली पसंती देते. किटचा भाव हा त्यातला बोलायला सोपा भाग. निविदा निघतात, घासाघीस होते, वर्तमानपत्रात बातमी येते. चाचणीत दोष निघाल्याचा निरोप त्या बाईला कोण देणार, किती दिवसांत देणार, आणि ती ग्रामीण रुग्णालयात पोहोचेल त्या दिवशी तिथे उपचार करणारी डॉक्टर असेल का, हा भाग सहसा कोणत्याच तक्त्यात नसतो. जिल्ह्याचा आराखडा हाती आला, की मी किटच्या किमतीआधी परत बोलावण्याच्या गाडीभाड्याची ओळ शोधतो.